चेंडू जिथे, खेळ तिथे

बास्केटबॉल ज्यांनी शोधून काढला, त्या जेम्स नेस्मिथ यांच्या हाताखाली शिकण्याचे भाग्य अमेरिकेतील कृष्णवर्णीय प्रशिक्षक जॉन मॅक्लेंडन यांना लाभले. मात्र ज्या विद्यापीठात ते शिकले, त्याच्या संघातून एक मिनिटही खेळण्याची मुभा त्यांना मिळाली नाही. १९१५ साली कॅन्सस राज्यातील हायवाथा या गावी जन्मलेले मॅक्लेंडन शारीरिक शिक्षणाची पदवी घेण्यासाठी १९३३ मध्ये कॅन्सस विद्यापीठात आले, तेव्हा तेथील बास्केटबॉल संघात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश नव्हता. पोहण्याच्या तलावाचीही तीच गत होती. आपण पाण्यात उतरल्यानंतर तलाव रिकामा करण्यात आला, ही हकिकत ते पुढे सांगत असत.

नेस्मिथ यांनी या विद्यार्थ्याची पाठराखण केली. प्रशिक्षक म्हणून नेस्मिथ यांच्या खात्यावर विजयांपेक्षा पराभवच अधिक आहेत, हे ओघात सांगायला हरकत नाही; शिक्षक म्हणून त्यांनी काय दिले, ते मात्र या एका शिष्याकडे पाहिले की कळते. चेंडू जिथे असेल तिथे खेळ सुरू असला पाहिजे, हे त्यांच्याकडून घेतलेले तत्त्व मॅक्लेंडन यांनी आयुष्यभर जपले.

१९३७ साली मॅक्लेंडन नॉर्थ कॅरोलायनातील डरहॅम येथील कृष्णवर्णीयांच्या छोट्या महाविद्यालयात रुजू झाले आणि १९४० मध्ये तेथील मुख्य प्रशिक्षक झाले. प्रत्येक बास्केटनंतर चेंडू पुन्हा मध्यभागी नेऊन उडवण्याची पद्धत १९३७ मध्येच बंद झाली होती, त्यामुळे खेळ न थांबता पुढे जाऊ शकत होता. तरीही बहुतेक संघ सावकाश पलीकडे जाऊन, जागा धरून खेळत. मॅक्लेंडन यांचे खेळाडू मात्र रिबाउंड, म्हणजे नेम चुकून परत उसळलेला चेंडू, हाती येताच चेंडू कडेला टाकत, तिघे तीन वाटांनी धावत सुटत आणि प्रतिस्पर्धी परतून उभे राहण्याआधीच बास्केट करत. चेंडू गमावला तरी ते माघारी न फिरता तिथेच प्रतिस्पर्ध्याला गाठत. अशी धावती चढाई म्हणजे फास्ट ब्रेक आणि असे जागीच गाठणे म्हणजे संपूर्ण कोर्टवरचा प्रेस; हे दोन्ही आज शाळकरी मुलांनाही ठाऊक असते, परंतु हा खेळ शेवटपर्यंत रेटायचा तर दमसास लागतो, आणि म्हणून त्यांच्या सरावात धावण्याला पर्याय नव्हता.

या खेळाची खरी कसोटी १२ मार्च १९४४ रोजी लागली. डरहॅममध्येच असलेल्या ड्यूक विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेत श्वेतवर्णीयांचा एक भक्कम संघ होता आणि त्यातील काही जण पूर्वी इतर महाविद्यालयांकडून नावाजले गेलेले खेळाडू होते. श्वेतवर्णीय आणि कृष्णवर्णीय संघांनी एकमेकांशी खेळणे त्या काळी तेथे केवळ निषिद्धच नव्हते, तर जिवावर बेतणारेही होते. पुढे त्याच वर्षी जुलैमध्ये याच शहरात बुकर स्पाइसली या कृष्णवर्णीय सैनिकाला एका बसचालकाने गोळी घालून ठार केले आणि न्यायालयाने त्या चालकाला निर्दोष सोडले. हा धोका ओळखूनच या दोन संघांच्या गुप्त सामन्यासाठी रविवारची सकाळ निवडण्यात आली, कारण त्या वेळी सारे शहर चर्चमध्ये असते. ड्यूकचे खेळाडू आडवळणाने गाडीतून आले, डोक्यावरून जॅकेट ओढून जिममध्ये शिरले आणि दाराला आतून कुलूप लागले. पंच होते, घड्याळ होते, प्रेक्षक नव्हते. सुरुवातीला दोन्ही बाजूंचे हात बिचकत होते. मग मॅक्लेंडन यांचे खेळाडू धावू लागले आणि त्यांनी सामना ८८-४४ असा जिंकला.

यानंतर जे घडले ते मला गुणफलकापेक्षा मोठे वाटते: घरी न परतता खेळाडूंनी आपापसांत संघ वाटून घेतले आणि दोन्ही वर्णांचे तरुण एकाच बाजूने खेळले. एका स्थानिक कृष्णवर्णीय पत्रकाराला या सामन्याचा सुगावा लागला होता, तरी त्याने अक्षरही छापले नाही. बातमी थेट १९९६ साली इतिहासकार स्कॉट एल्सवर्थ यांच्या लेखामुळे बाहेर आली.

पुढे हॅम्प्टन येथील महाविद्यालयात दोन वर्षे काढून मॅक्लेंडन १९५४ मध्ये नॅशव्हिलच्या टेनेसी ए अँड आय या महाविद्यालयात गेले. एनएआयए ही छोट्या महाविद्यालयांची संघटना होती, आणि तिने कृष्णवर्णीय महाविद्यालयांना आपल्या राष्ट्रीय स्पर्धेची दारे नुकतीच उघडली होती. ही स्पर्धा भरत असलेल्या कॅन्सस सिटीला खेळायला यायचे, तर आपल्या संघाला इतर संघांसारखेच शहरातील हॉटेलात उतरता आले पाहिजे, असा मॅक्लेंडन यांचा आग्रह होता. डिक बार्नेट यांच्यासारख्या खेळाडूंच्या बळावर त्यांनी १९५७, १९५८ आणि १९५९ अशी लागोपाठ तीन राष्ट्रीय विजेतेपदे जिंकली. त्याआधी कोणत्याही महाविद्यालयीन प्रशिक्षकाला हे साधले नव्हते.

१९६१ मध्ये क्लीव्हलँड पायपर्स या संघाबरोबर ते व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधील सुरुवातीच्या कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षकांपैकी एक ठरले, पण मालक जॉर्ज स्टाइनब्रेनर यांच्याशी न पटल्याने मोसम संपण्याआधीच त्यांनी राजीनामा दिला. केंटकी स्टेट येथील काही वर्षांनंतर १९६६ साली क्लीव्हलँड स्टेटने त्यांना नेमले. प्रामुख्याने श्वेतवर्णीय असलेल्या विद्यापीठाने कृष्णवर्णीय प्रशिक्षकाला मुख्य पद देण्याची ती पहिलीच वेळ होती.

बास्केटबॉलमधील मान्यवरांचा गौरव करणाऱ्या, नेस्मिथ यांच्या नावाच्या हॉल ऑफ फेममध्ये मॅक्लेंडन यांना १९७९ साली स्थान मिळाले, तेही प्रशिक्षक म्हणून नव्हे, तर खेळाला हातभार लावणारे म्हणून. १९९९ मध्ये त्यांचे निधन झाले. प्रशिक्षक म्हणून त्यांचा समावेश २०१६ साली झाला.