दिवाळी सरकली, आकडा घसरला

(दृश्य: बंद कारखान्याचं फाटक. फाटकाला झेंडूचं तोरण. आत यंत्रं शांत.)

ऑक्टोबर २०२३ मध्ये भारताचं औद्योगिक उत्पादन आधीच्या ऑक्टोबरपेक्षा ११.७ टक्क्यांनी वाढल्याची बातमी आली. सोळा महिन्यांतला उच्चांक. मग नोव्हेंबरचा आकडा आला, फक्त २.४ टक्के. आठ महिन्यांतला नीचांक.

एका महिन्यात देशातल्या कारखान्यांना झालं तरी काय?

कॅलेंडर काढून बघा. २०२२ मध्ये लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होतं, २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला. दिवाळीत कामगार गावी जातात, यंत्रं थांबतात. एका वर्षी ती सुट्टी ऑक्टोबरच्या खात्यात गेली, पुढच्या वर्षी नोव्हेंबरच्या. म्हणजे आपण सुट्टीचा ऑक्टोबर आणि भर कामाचा ऑक्टोबर शेजारी ठेवले होते, आणि नोव्हेंबरला नेमकं उलटं. त्या चढउताराचा मोठा वाटा तिथीचा होता.

तिथी वजा करता येते. हंगामही वजा करता येतो. ते काम करणारा एक प्रोग्रॅम जगभरच्या सांख्यिकी कार्यालयांत आणि मध्यवर्ती बँकांत चालतो. तो एका देशानं लिहिलेला नाही. सत्तर वर्षं तो हातोहात पुढे आला आहे, आणि ही गोष्ट त्या हातांची आहे.

(दृश्य: उसाच्या बैलगाड्या, साखर कारखान्याचं धुराडं.)

आधी हे वजा करणं म्हणजे काय, ते बघू. आपल्याकडे उसाचं गाळप दिवाळीच्या आसपास सुरू होतं आणि उन्हाळ्यात धुराडी थंडावतात. जूनपेक्षा जानेवारीत साखर जास्त झाली, ही बातमी नव्हे. ते दरवर्षीच होतं. नेहमीच्या जानेवारीपेक्षा या जानेवारीत जास्त झाली का, हा खरा प्रश्न. आणि त्यासाठी आधी ‘नेहमीचा जानेवारी’ किती, हे ठरवावं लागतं. सांख्यिकीच्या भाषेत हेच हंगामी समायोजन.

१९३१ मध्ये फ्रेडरिक मॅकॉले या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञानं त्याची एक रीत पुस्तकात मांडली. बारा महिन्यांची सरासरी घ्यायची, ती एकेक महिना पुढे सरकवत न्यायची, आणि प्रत्येक महिना त्या सरासरीच्या किती पट आहे ते बघायचं. रीत सोपी, पण आकडेमोड सगळी हातानं. महिन्यामहिन्याच्या आकड्यांच्या एकेका मालिकेमागे कारकुनांचे तासन्‌तास जात.

(दृश्य: युनिव्हॅक संगणकाची जुनी छायाचित्रं.)

१९५१ मध्ये अमेरिकेच्या जनगणना ब्यूरोला युनिव्हॅक मिळाला. खोलीभर मावणारं यंत्र, आत पाच हजारांहून जास्त व्हॅक्यूम ट्यूब. तिथल्या ज्युलियस शिस्किन यांना ते यंत्र फक्त डोकी मोजण्यात घालवायचं नव्हतं. १९५४ मध्ये त्यांनी मॅकॉले यांची रीत त्यावर चढवली. त्यानंतर सुधारणा होत राहिल्या, आणि प्रत्येक प्रायोगिक आवृत्तीला ‘एक्स’ आणि पुढे क्रमांक असं नाव पडत गेलं. १९६५ मध्ये गणती अकरावर आली. एक्स-११.

हे तात्पुरतं नाव मग कायमचंच झालं. एक्स-११ देशोदेशी गेला. अमेरिकी सरकारच्या कर्मचाऱ्यानं कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या गोष्टीवर तिथे कॉपीराइट लागत नाही, ही त्यातली फार मोठी सोय. मुक्तस्रोत हा शब्द जन्मायला अजून तीसेक वर्षं होती. पण व्यवहार तोच. घ्या, वापरा, बदला.

आणि बदलायची गरज होतीच.

(दृश्य: कागदावर आलेख. रेषेच्या शेवटच्या टोकावर पेन्सिल थांबते.)

सरकत्या सरासरीत एक मूळचीच अडचण आहे. मधल्या महिन्याला दोन्ही बाजूंना शेजारी असतात, सरासरी नीट बसते. शेवटच्या महिन्याला एकाच बाजूला शेजार. पुढचे महिने अजून उजाडलेलेच नाहीत. त्यामुळे सगळ्यात ताजा आकडा सगळ्यात डळमळीत निघतो आणि मागाहून पुन्हा पुन्हा दुरुस्त करावा लागतो. आणि अर्थमंत्र्यापासून वार्ताहरापर्यंत सगळ्यांना हवा असतो तो नेमका ताजाच आकडा!

उत्तर कॅनडाहून आलं. एस्तेला बी डागुम मूळच्या अर्जेंटिनाच्या, काम करत होत्या स्टॅटिस्टिक्स कॅनडामध्ये. त्या म्हणाल्या, पुढचे महिने नाहीत ना, मग आधी त्यांचा अंदाज बांधा. अरिमा नावाच्या गणिती नमुन्यानं मालिका पुढे वाढवा, आणि मग एक्स-११ चालवा. टोकाच्या महिन्याला उसना का होईना, शेजार मिळाला. १९८० मध्ये त्यांचा एक्स-११ अरिमा प्रसिद्ध झाला.

यापुढचं मला फार महत्त्वाचं वाटतं. अमेरिकेनं आपलाच प्रोग्रॅम मूळचा, असा हेका धरला नाही. जनगणना ब्यूरोतल्या डेव्हिड फिंडली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडाची कल्पना आपल्यात घेतली, शिवाय सरकत्या सणांसाठी आणि महिन्यात किती सोमवार, किती रविवार आले याचा हिशेब ठेवण्यासाठी नवा भाग जोडला. तो एक्स-१२ अरिमा. १९९८ मध्ये त्यांनी त्याची सगळी रचना शोधनिबंधात उलगडून ठेवली.

त्यांनी सणांची फिकीर केली ती ईस्टरमुळे. ईस्टरही चंद्राच्या हिशेबानं ठरतो, २२ मार्च ते २५ एप्रिलच्या दरम्यान कुठेही येतो. २०२४ मध्ये तो ३१ मार्चला होता, २०२५ मध्ये २० एप्रिलला. म्हणजे बरीचशी खरेदी, बऱ्याचशा सुट्ट्या एका तिमाहीतून उचलून दुसऱ्या तिमाहीत. आपली दिवाळी आणि त्यांचा ईस्टर, दुखणं एकच.

(दृश्य: माद्रिद. बँक ऑफ स्पेनची इमारत.)

तोवर युरोपात वेगळाच विचार रुजला होता. सरासऱ्या सरकवत बसण्यापेक्षा मालिकेचा गणिती नमुना आधी ओळखावा आणि हंगाम त्यातूनच वेगळा काढावा. बँक ऑफ इंग्लंडसाठी पीटर बर्मन यांनी या धाटणीचा एक प्रोग्रॅम लिहिला होता. तो पायाभूत धरून बँक ऑफ स्पेनमध्ये अगुस्तीन मारावाल आणि व्हिक्टर गोमेझ यांनी १९९६ मध्ये ट्रॅमो-सीट्स उभा केला.

झालं, दोन पंथ पडले. काही कार्यालयं एक्सची, काही ट्रॅमोची. हा नुसता पंडितांचा वाद नव्हे. युरोपातल्या देशांचे आकडे एकत्र करून युरोपचा आकडा काढायचा असतो. प्रत्येकानं आपापल्या तऱ्हेनं हंगाम वजा केला, तर बेरजेत नक्की काय मिसळलं हे कोण सांगणार?

वाद संपला नाही, पण भिंत पडली. जनगणना ब्यूरोनं सीट्सचा कोड बँक ऑफ स्पेनच्या सहकार्यानं आपल्या प्रोग्रॅममध्ये घेतला आणि २०१२ मध्ये एक्स-१३ अरिमा-सीट्स आला. एकच मालिका दोन्ही रीतींनी चालवून उत्तरं शेजारी ठेवता येऊ लागली.

(दृश्य: ब्रुसेल्स. पडद्यावर कोडच्या ओळी.)

आणखी एक प्रश्न मात्र वर्षानुवर्षं साचत आला होता. हे जुने प्रोग्रॅम फोरट्रान भाषेत लिहिलेले. ज्यांनी लिहिले ते निवृत्तीला आले, आणि नव्या मुलांना फोरट्रानची सवय नाही. देशाचा विकासदर ज्यावर तोलला जातो, तो कोड उघडून दुरुस्त करणारी माणसं दरवर्षी कमी होत चालली होती.

बेल्जियमच्या नॅशनल बँकेनं हे काम अंगावर घेतलं. जर्मनीची बुंडेसबँक आणि युरोपीय संघाचं सांख्यिकी कार्यालय युरोस्टॅट सोबतीला. दोन्ही पंथांच्या रीती जावा भाषेत पहिल्यापासून नव्यानं लिहिल्या गेल्या. नाव जे-डेमेट्रा प्लस. लिहिलेलंच परत लिहिणं हे काम बाहेरून अगदी नीरस दिसतं. पण प्रत्येक सूत्राचा अर्थ नव्यानं लावायचा, जुन्या प्रोग्रॅमच्या उत्तराशी ताळा जमवायचा, आणि जमला नाही तर चूक जुन्यात आहे की आपल्यात, हे शोधायचं. माझ्या लेखी या सगळ्या प्रवासातलं हे सगळ्यात धीराचं काम.

२ फेब्रुवारी २०१५ रोजी युरोस्टॅट आणि युरोपीय मध्यवर्ती बँकेनं युरोपातल्या कार्यालयांना अधिकृतपणे याच सॉफ्टवेअरची शिफारस केली. कोड सगळ्यांसाठी खुला आहे. परवानाही युरोपीय संघाचा स्वतःचा, संघाच्या अनेक अधिकृत भाषांमध्ये कायदेशीर मान्यता असलेला. मग फ्रान्सच्या इन्से या सांख्यिकी संस्थेतल्या मंडळींनी आर या संगणकी भाषेतून ते चालवायची सोय केली, त्यामुळे हजारो मालिका एकेक न उघडता एकदम चालवता येतात.

खुलेपणाचा मी एवढा आग्रह का धरते, ते सांगते. बेरोजगारी वाढली की घटली, हे कधी कधी हंगाम कसा वजा केला यावर ठरतं. मूळ आकडा खाली जातो, समायोजित आकडा वर जातो, आणि दोन्ही खरे असतात. असा निवाडा करणारं यंत्र कुलूपबंद पेटीत असेल, तर नागरिकानं विश्वास तरी कशावर ठेवायचा? इथे मात्र कुणीही प्रोग्रॅम उतरवून घ्यावा, सरकारनं प्रसिद्ध केलेली मालिका त्यात घालावी आणि आपण काय ते पडताळावं. अर्थात खुलं आहे म्हणून ते आपोआप चालत नाही. वापरणारे देश पुष्कळ, पण मूळ कोड सांभाळणारे हात मोजके. त्यांचे पगार कुठल्या तरी बँकेच्या, कुठल्या तरी कार्यालयाच्या अंदाजपत्रकात दरवर्षी बसवावेच लागतात.

(दृश्य: मार्च २०२०. रिकामे विमानतळ, बंद शटर.)

या एकत्र राहण्याची परीक्षा कोविडनं घेतली. उत्पादन एकाएकी कोसळलं. आता प्रोग्रॅम काय समजेल? मार्च-एप्रिलमध्ये दरवर्षीच असं पडतं, असा त्याचा ग्रह झाला असता, तर पुढच्या वर्षांचे आकडेही बिघडले असते. युरोस्टॅटनं मार्च २०२० मध्येच सगळ्या देशांना मार्गदर्शन पाठवलं. हा धक्का हंगामात मुरू देऊ नका. आधी त्याला त्या त्या महिन्यापुरता अपवाद माना. तो टिकाऊ आहे की नाही, ते पुढचे आकडे आले की ठरवू. घराघरांतून काम करणाऱ्या माणसांनी आपापल्या देशाच्या मालिकांवर अशा खुणा घातल्या. हत्यार एकसारखं होतं, म्हणून सूचना दोन पानांत भागली असती अशी सोपी होती.

(दृश्य: मुंबई, वांद्रे-कुर्ला संकुल. संध्याकाळ.)

आता पुन्हा दिवाळीकडे. आपल्याकडे औद्योगिक उत्पादनाच्या बातमीत येते ती गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना, आणि दिवाळी सरकली की ती फसते. मुंबईत रिझर्व्ह बँकेचे सांख्यिकी तज्ज्ञ भारताच्या मालिकांमधला हंगाम एक्स-१३ वापरून मोजतात, आणि दिवाळीचा परिणाम वेगळा काढतात.

अमेरिकेत लिहिलेल्या त्या प्रोग्रॅमला ईस्टर पाठ आहे. दिवाळी त्याला ठाऊक नाही. पण आपल्या सणाच्या तारखा बाहेरून देण्याची सोय त्यात आहे, आणि त्या तारखा तयार करून देणारं एक छोटं साधनही जनगणना ब्यूरोनं फुकट ठेवलं आहे. चीनचं नववर्ष त्याच वाटेनं आत जातं, आपली दिवाळीही.

त्याला लागते फक्त एक साधी फाइल. एका ओळीत एक वर्ष.

(दृश्य: काळा पडदा. एकेक ओळ उमटते.)

२०२४, १ नोव्हेंबर.
२०२५, २१ ऑक्टोबर.
२०२६, ८ नोव्हेंबर.
२०२७, २९ ऑक्टोबर.