घाट

(पडद्यावर: पहाटेचा अंधार. समर्थ मंदिराकडून बोगद्याकडे चढणारा रस्ता. पावलांचा आवाज आधी, माणूस नंतर दिसतो.)

साताऱ्यात समर्थ मंदिर मागे पडलं की रस्ता चढायला लागतो. बोगद्यापाशी त्याला फाटा फुटतो. एक वाट सज्जनगडाकडे जाते, दुसरी यवतेश्वरचा घाट चढून कासला. मी रोज या दुसऱ्या वाटेने धावते. पहाटे पाचला निघते, साडेसहाला घरी येते आणि साडेआठला राजवाड्याजवळचं आमचं मेडिकल उघडते.

दुपारी दोन ते चार दुकानात फारसं कुणी येत नाही. ते दोन तास कादंबरीचे. पुस्तक नगर वाचनालयातून आणलेलं असतं, त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं असतं आणि ते काउंटरखालच्या खणात, गोळ्यांच्या बिलबुकाशेजारी राहतं. रविवारी दुपारनंतर दुकान बंद. मग मी आणि मामा सिनेमाला जातो.

बाहेरून बघणाऱ्याला ही तीन वेगवेगळी वेडं वाटतील. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. ती एकाच जागेतून आली आहेत हे मला मामामुळे कळलं.

(पडद्यावर: मामाचे हात. बोटांच्या टोकांवर जुने भाजल्याचे डाग.)

मामा टुरिंग टॉकीजमध्ये ऑपरेटर होता. तंबू थिएटर म्हणजे ट्रकवर बसवलेलं मशीन, समोर तंबू आणि तंबूत जमिनीवर बसलेली माणसं. गावोगावच्या जत्रा गाठत ते फिरायचं. पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा मार्गशीर्षात भरते. रथाला नोटांच्या माळा लागतात, जनावरांचा मोठा बाजार भरतो आणि कडाक्याच्या थंडीत रात्रभर सिनेमे चालतात. मी पहिला सिनेमा तिथेच पाहिला, मामाच्या ट्रकमधून, मशीनच्या बाजूला बसून. खरं तर पडद्यापेक्षा मामाकडेच जास्त पाहिलं.

त्या मशीनमध्ये दिवा नव्हता, कार्बनच्या कांड्या होत्या. दोन कांड्यांच्या टोकांमध्ये ठिणगी धरायची, तोच उजेड. कार्बन जळत जातो तसं मधलं अंतर वाढतं आणि पडदा पिवळा पडायला लागतो. म्हणून हात सारखा चाकावर ठेवायचा आणि केसभर, केसभर कांडी पुढे सारायची. घाई केली तर टोकं चिकटतात, हयगय केली तर अंधार. मामाने हे काम सव्वीस वर्षं केलं. घाटात माझा श्वास फुलायला लागला की मला ते चाक आठवतं. पाऊल आखूड करायचं, शेजारच्याशी एक पूर्ण वाक्य बोलता येईल इतकाच वेग ठेवायचा. वाक्य अर्ध्यात तुटलं की समजायचं, कांडी जास्त पुढे गेली.

मामाचं गणित फुटांत चालतं. सिनेमाच्या पस्तीस मिलिमीटर फिल्मवर एका फुटात १६ चित्रं बसतात आणि सेकंदाला २४ चित्रं पडद्यावर जातात. म्हणजे मिनिटाला ९० फूट. हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपतं. अडीच तासांचा सिनेमा भरतो साडेतेरा हजार फूट. मी पहिल्यांदा याचे किलोमीटर केले तेव्हा हातातला पेन खाली ठेवला. चार किलोमीटर आणि वर शंभर मीटर! आमच्या घरापासून घाटातल्या दुसऱ्या वळणापर्यंत जेवढं अंतर आहे, तेवढा लांब एक सिनेमा. ताशी दीड किलोमीटरच्या थोड्या वर अशा चालीने तो मामाच्या हातांखालून जायचा. पूर्वी सिनेमा सुरू होण्याआधी पडद्यावर सेन्सॉरचं सर्टिफिकेट यायचं, त्यावर किती रीळं आणि किती मीटर हेही छापलेलं असायचं. आम्ही ते कधी नीट वाचलं नाही, कारण तेवढ्यात शिट्ट्या सुरू व्हायच्या.

मग त्याच दुपारी मी दुकानातली पट्टी घेतली आणि समोरची कादंबरी मोजली. पानावर तीस ओळी, ओळ दहा सेंटिमीटरची. पान झालं तीन मीटरचं. चारशे पानं म्हणजे बाराशे मीटर. एकाच सरळ रेषेत छापली असती तर ती कादंबरी राजवाड्यासमोरून निघून पार गावात शिरली असती. ती वाचायला मला बारा तास लागतात. माझा डोळा तासाला शंभर मीटर चालतो.

त्या दिवसापासून मामा मला रोज विचारतो, "किती फूट झालं गं आज?"

(पडद्यावर: घाटातलं वळण. खाली सातारा, पलीकडे अजिंक्यतारा, अर्धा ढगात.)

घाट या शब्दाइतका मला मराठीतला दुसरा शब्द आवडत नाही. हा चढतो तो घाट. संगम माहुलीला कृष्णा आणि वेण्णा भेटतात तिथे पायऱ्या उतरतात तोही घाट. सपाट धावायचं असेल तेव्हा मी तिकडे जाते आणि शेवटी त्या दगडी पायऱ्यांवर बसून बूट काढते. आणि कादंबरीचा आकार, तिची बांधणी, तिलाही आपण घाटच म्हणतो. समीक्षेच्या पुस्तकात हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा मला वाटलं, लिहिणारा नक्की कधीतरी एखादा घाट पायी चढला असणार. कादंबरी हा शब्दही मला फार लोभस वाटतो. बाणभट्टाने सातव्या शतकात एक संस्कृत कथा लिहिली, तिच्या नायिकेचं नाव कादंबरी. आपण तिचं नाव घेऊन सगळ्या जातीला देऊन टाकलं.

यवतेश्वरच्या घाटात सुरुवातीला अंगात उत्साह असतो. वर पोचल्यावर वारा असतो, सप्टेंबरात उतारभर गुलाबी तेरडा असतो. सांगताना सगळे या दोन गोष्टी सांगतात. मधलं कुणी सांगत नाही. सातव्या किलोमीटरला धुकं इतकं असतं की पुढचं वळणही दिसत नाही. गाव खाली हरवलेलं असतं, माथा वर हरवलेला असतो. नुसता रस्ता असतो आणि आपण असतो. पहिली दोन वर्षं मला हा पट्टा नको वाटायचा. कानात गाणी लावून मी तो उरकायचे.

कादंबरीतही मी हेच करत होते. दीडशेव्या पानानंतर शेताची वर्णनं आली, एखाद्या म्हातारीची लांबलचक आठवण आली की मी पानं चाळून पुढे जायचे. शेवट वाचून पुस्तक परत करायचे, आणि मग बाईंनी वाचनालयात "कशी वाटली?" विचारलं की "चांगली आहे" यापलीकडे माझ्याकडे शब्द नसायचे.

मामाला हे सांगितलं तेव्हा तो गंभीर झाला. म्हणाला, "तंबूत असंच व्हायचं बघ. मधल्या रिळांत गाणं नाय, मारामारी नाय, की माणसं उठून भजी खायला जायची. शेवटच्या रिळाला पळत यायची. पडद्यावर बाप रडतोय आन् ही एकमेकाला विचारतायत, का रडतोय ह्यो? अगं, का रडतोय ते भजी खाताना गेलं की निघून."

त्यानंतर मी घाटात गाणी ऐकायची सोडली.

(काही क्षण निवेदन नाही. फक्त श्वास, पावलं, लांबून येणारी एसटी.)

आता सातवा किलोमीटर माझा सगळ्यात आवडता आहे. डोकं रिकामं होतं असं लोक म्हणतात, माझं उलट भरून येतं. आदल्या दुपारी वाचलेलं एखादं पात्र तिथे सोबतीला येतं. पानावर न कळलेलं त्याचं वागणं तिथे चढावर हळूहळू उलगडतं. रविवारच्या सिनेमातली एक खोली, तिच्यातला दिव्याचा उजेड, कुणीतरी न बोलता पाठ फिरवणं, असं काय काय दिसतं. वाचताना आणि बघताना जे आत पडलेलं असतं, ते पाय हलायला लागले की वर येतं. याचं शास्त्र मला ठाऊक नाही. अनुभव मात्र शेकडो पहाटांचा आहे.

उताराबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती मला कुणी सांगितली नव्हती. पहिल्या वर्षी माथ्यावरून खाली येताना मी मोकाट सुटले होते. दुसऱ्या दिवशी दुकानाच्या तीन पायऱ्या मला उलट्या तोंडाने, भिंत धरून उतराव्या लागल्या. चढताना दम लागतो, पण मांड्या मोडतात त्या उतारावर. तिथे स्नायू आखडत नसतो, भार पेलत ताणला जात असतो, आणि त्याचं दुखणं चोवीस तासांनी सुरू होऊन तीन दिवस राहतं. उतरायलाही शिकावं लागतं. पावलं लहान, गुडघा किंचित वाकलेला, नजर पंधरा-वीस फुटांवर.

(पडद्यावर: माण तालुका. उघडं माळरान, एक वाट, लांबवर मेंढरं.)

सातारा जिल्ह्याच्या एका टोकाला महाबळेश्वर आहे, जिथे पाऊस हजारो मिलिमीटरांत मोजतात. दुसऱ्या टोकाला माण, जिथे तो पाचशेच्या आसपास थांबतो. मामा खटावचा, त्यामुळे या दुष्काळी बाजूला आमचं जाणं-येणं. माझी तिन्ही वेडं मला तिथे एकत्र भेटतात. याच माणदेशाने, सांगली जिल्ह्याच्या बाजूच्या माडगुळ्याने, व्यंकटेश माडगूळकर दिले. त्यांची 'बनगरवाडी' १९५५ची, आणि अमोल पालेकरांनी तिच्यावर केलेला सिनेमा १९९५चा. चाळीस वर्षांचं अंतर आहे मध्ये. पुस्तक आणि सिनेमा दोन्ही मी एकाच आठवड्यात घेतले आणि नंतर कितीतरी दिवस माळावरच्या पायवाटांकडे वेगळ्या नजरेने बघत राहिले.

आणि माण तालुक्यातलंच मोही, ललिता बाबरचं गाव. २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये तिने तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या प्राथमिक फेरीत ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम केला, अंतिम फेरी गाठली आणि दहावी आली. ट्रॅकवरच्या ऑलिंपिक अंतिम फेरीत भारतीय बाई दिसली ती ३२ वर्षांनी, १९८४च्या पी. टी. उषानंतर. या शर्यतीत २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्यावरची उडी असते. पाण्याची वाट बघणाऱ्या माणची मुलगी पाण्यावरून उड्या मारत जाताना मी टीव्हीवर पाहिली. मामा शेजारी बसला होता. तो काहीच बोलला नाही, फक्त त्याचा उजवा हात मांडीवर हळूहळू चाक फिरवत होता.

भिलारचंही सांगते. महाबळेश्वर-पाचगणीच्या मधलं स्ट्रॉबेरीचं गाव, ४ मे २०१७ पासून पुस्तकांचं गाव. लोकांनी आपल्या घरातल्या खोल्या पुस्तकांना दिल्या. कुठे कादंबऱ्या, कुठे कविता, कुठे चरित्रं. आत जा, बसा, वाचा, पैसे नाहीत. मी वर्षातून एकदा तिथे जाते, सकाळी धावते आणि दुपारभर कुणाच्या तरी घरात वाचत बसते. आतून भांड्यांचा आवाज येतो, पोरं ये-जा करतात, कुणी "चहा घेणार का ताई?" विचारतं. वाचनाला इतकी चांगली जागा मी दुसरी पाहिलेली नाही.

(पडद्यावर: थिएटरचा अंधार. मामाच्या चेहऱ्यावर पडद्याचा उजेड.)

आता रीळं गेली. सिनेमा हार्ड डिस्कवर येतो, त्याला वजनही नाही आणि लांबीही नाही. मामाला त्याचं वाईट वाटत नाही, चित्र स्वच्छ दिसतं म्हणतो. पण त्याची नजर अजून अधूनमधून पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात जाते. पूर्वी रीळ संपत आलं की तिथे एक गोल ठिपका चमकायचा. पहिला ठिपका म्हणजे आठ सेकंद उरले. पक्क्या टॉकीजमध्ये तेवढ्यात दुसरं मशीन सुरू व्हायचं. तंबूत मशीन एकच. मग पडदा पांढरा व्हायचा, माणसं ओरडायची आणि मामा अंधारात चाचपडत पुढचं रीळ चढवायचा.

(पडद्यावर: शर्यतीची सकाळ. पोलीस परेड ग्राउंड. हजारो पाय.)

सातारा हिल मॅरेथॉन २०१२ला सुरू झाली. अंतर एकवीस किलोमीटर आणि वर सत्त्याण्णव मीटर. निम्मं यवतेश्वर घाटाने वर, निम्मं त्याच घाटाने खाली. २०१५ साली एकाच डोंगरावर सर्वांत जास्त माणसं धावल्याबद्दल तिचं नाव गिनीजमध्ये गेलं. त्या दिवशी आख्खं गाव रस्त्यावर असतं. लेझीम असते, ढोल असतो, ओट्यावरच्या आज्या टाळ्या वाजवतात, शाळेतली मुलं हात पुढे करून उभी असतात.

मामाला आता लांब चालवत नाही. आम्ही त्याला पहाटेच खुर्ची टाकून देतो, घाट उतरून गावात शिरताना, १८ किलोमीटरच्या पाटीजवळ. जाताना मी त्याच्याकडे बघत नाही, तेव्हा लक्ष चढावर असतं. येताना तो लांबूनच दिसतो. मफलर, काठी आणि हवेत उचललेला उजवा हात.

मांड्या पेटलेल्या असतात. मीठ डोळ्यात गेलेलं असतं. ढोलाच्या वरताण आवाज काढून तो ओरडतो, "किती राहिली गं?"

"दहा रीळं, मामा!"

तो खुर्चीत मागे टेकतो आणि चाकावर हात ठेवतो.