शेवटचा एक किलोमीटर: २०१९ ची आम्स्टेल गोल्ड रेस आणि चाहत्यांचा न मिटलेला वाद

नमस्कार मंडळी.

आज एका शर्यतीबद्दल बोलायचंय. खरं सांगायचं तर शर्यतीच्या शेवटच्या तुकड्याबद्दल, आणि तो पाहून माणसं अजूनही ज्यावरून भांडतात त्या प्रश्नाबद्दल. शर्यत आहे २१ एप्रिल २०१९ ची आम्स्टेल गोल्ड रेस, नेदरलँड्समधली एकदिवसीय सायकल शर्यत. ईस्टरचा रविवार होता. आणि प्रश्न असा: माथ्यू व्हान डर पूल ती शर्यत जिंकला, की पुढचे दोघे ती हरले?

सायकलिंग नव्यानं पाहायला लागलेल्यांसाठी आधी थोडी पार्श्वभूमी. टूर द फ्रान्स तीन आठवडे चालते. तिथे आज मार खाल्ला तर उद्या भरून काढता येतं. एकदिवसीय शर्यतीत उद्या नसतोच. सकाळी निघायचं, सहा-साडेसहा तास पायडल मारायचं, आणि संध्याकाळी जो रेषा आधी ओलांडेल त्याचं नाव लागतं. चुकलात तर पुढची संधी थेट वर्षभरानं. म्हणून या शर्यतींना येणाऱ्या प्रतिक्रिया इतक्या टोकाच्या असतात. राग असो नाहीतर आनंद, सगळं त्या एका दुपारीच बाहेर पडतं.

[स्क्रीनवर नकाशा: नेदरलँड्सचं दक्षिण टोक]

हा बघा लिम्बुर्ग प्रांत. नेदरलँड्स म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सपाट जमीन येते, पण हा कोपरा टेकड्यांचा आहे. आम्स्टेल इथे १९६६ पासून होते. मास्ट्रिख्टहून सुरुवात, मग अरुंद रस्ते, एकामागून एक छोटे चढ, डावी-उजवी वळणं, आणि फाल्केनबुर्खजवळच्या बर्ग एन टर्ब्लाइट गावात शेवट. २०१९ ला अंतर होतं साधारण २६६ किलोमीटर.

डच लोकांची ही घरची शर्यत. सत्तरच्या दशकाच्या शेवटी आणि ऐंशीच्या सुरुवातीला यान रास ही शर्यत जिंकायचा, जिंकतच राहायचा. एकूण पाच वेळा जिंकला. पुढे मात्र डच विजय विरळ होत गेले. २००१ मध्ये एरिक डेकर जिंकला आणि त्यानंतर पुरुषांच्या शर्यतीत एकही डच विजेता नाही. अठरा वर्षं! डेकर जिंकला तेव्हा आईबापांच्या खांद्यावर बसून शर्यत बघणारी पोरं आता कॉलेजात पोचली होती.

अशा वेळी रिंगणात येतो व्हान डर पूल. वय २४. अंगावर डच राष्ट्रीय विजेत्याची लाल-पांढरी-निळी जर्सी. वडील आद्री व्हान डर पूल यांनी हीच शर्यत १९९० मध्ये जिंकलेली. आईचे वडील म्हणजे सायकलपटू रेमों पुलिदोर, फ्रान्सनं ज्यांच्यावर जीव ओवाळून टाकला ते. हा मुलगा मुळात सायक्लोक्रॉसचा, चिखलातल्या शर्यतींचा, जगज्जेता. त्याचा संघही पहिल्या श्रेणीतला नव्हता, निमंत्रणावर आलेला. पण त्या एप्रिलमध्ये त्यानं कमाल केली होती. बेल्जियमच्या टूर ऑफ फ्लांडर्स शर्यतीत पडला, उठला, पुन्हा पुढच्या गटात आला आणि चौथा आला. आम्स्टेलच्या चार दिवस आधी बेल्जियमचीच ब्राबांटसे पेल शर्यत जिंकली, आणि तिथे दुसरा कोण होता? फ्रान्सचा ज्युलियन अलाफिलिप. हे नाव लक्षात ठेवा.

थोडक्यात, रस्त्याच्या कडेला उभी असलेली सगळी गर्दी याच एका पोरासाठी आली होती. आणि दुपारभर ती निराश होत गेली.

शेवटाला चाळीसेक किलोमीटर असताना त्यानं एकदा जोर लावून पाहिला. पकडला गेला. मग अलाफिलिप निसटला, त्याच्याबरोबर डेन्मार्कचा याकोब फुगलसांग. त्या वसंतातले हे दोघे सगळ्यात तगडे गडी. अलाफिलिपनं इटलीतल्या स्त्रादे बियांके आणि मिलान-सान रेमो या दोन्ही शर्यती जिंकलेल्या. स्त्रादे बियांकेत त्याच्या मागे दुसरा आला होता फुगलसांगच. दोघं निघाले, अंतर वाढत गेलं. मागे मायकल क्वियाटकोव्स्की एकटा झुंजत होता. व्हान डर पूल त्याच्याही मागच्या गटात. शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये तुम्ही सायकलिंगच्या कुठल्याही जाणत्याला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, पुढचे दोघे आपसात ठरवतील, बाकीच्यांनी तिसऱ्या नंबरसाठी भांडावं.

आता इथे जरा थांबतो, कारण सगळा वाद समजायचा तर वाऱ्याचं गणित समजायला हवं.

ताशी ४५-५० किलोमीटरनं सायकल हाकताना तुमची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. दुसऱ्याच्या चाकामागे चिकटलात की त्या ताकदीतला चांगलाच मोठा हिस्सा वाचतो. म्हणून दोघं निसटले की पाळीपाळीनं पुढे येतात: थोडा वेळ तू वारा झेल, थोडा वेळ मी. जोवर दोघांचा फायदा सारखा आहे तोवर ही भागीदारी छान चालते. शेवट जवळ आला की तीच भागीदारी अंगाशी येते. कारण जो आता पुढे राहून दमेल, तो स्प्रिंटमध्ये, म्हणजे रेषेआधीच्या शेवटच्या वेगवान धावेत, मागच्याचा घास होईल.

त्यात अलाफिलिपची स्प्रिंट फुगलसांगपेक्षा कितीतरी वेगवान. हे फुगलसांगला माहीत, अलाफिलिपला माहीत, पाहणाऱ्या सगळ्यांना माहीत. मग फुगलसांगनं काय करावं? प्रामाणिकपणे वारा झेलत राहावं आणि दुसऱ्या नंबरवर समाधान मानावं? आणि अलाफिलिपनं तरी का ओढत न्यावं? समोरचा काम करत नाही, मध्येच झटका देऊन पळायचा प्रयत्न करतोय. त्याला घेऊन रेषेपर्यंत जायचं आणि शेवटी त्यानंच मागून उडी मारली तर?

म्हणून दोघे हळू झाले. एकमेकांकडे बघत राहिले.

हळू होणं किती महाग पडतं ते मांडून बघू. समजा मागचा गट ताशी ५० नं येतोय. एक किलोमीटर कापायला त्याला ७२ सेकंद लागतात. पुढचे दोघे रेंगाळून ताशी ३६ वर आले, तर त्यांना त्याच किलोमीटरला १०० सेकंद लागतात. म्हणजे एका किलोमीटरात २८ सेकंद साफ! हे आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत, त्या दिवशीचे मोजलेले नाहीत. पण सुरक्षित वाटणारी आघाडी डोळ्यांदेखत कशी विरघळते ते यातून कळतं.

[शेवटच्या किलोमीटरचं रेखाचित्र]

आता तो किलोमीटर. समोरच्या मोटरसायकलवरचा कॅमेरा दोघांवर रोखलेला. लांबच्या भिंगातून रस्ता दाबल्यासारखा, आखूड दिसतो, त्यामुळे मागचं किती जवळ आहे याचा अंदाजच येत नाही. अलाफिलिप मान वळवतो. फुगलसांग मान वळवतो. आणि त्यांच्या खांद्यांमागे रस्त्यावर एक ठिपक्यांची रांग दिसते. रांगेच्या अगदी टोकाला लाल-पांढरा-निळा रंग.

ज्यानं हे थेट पाहिलंय त्याला तो क्षण आठवतो. आधी डोक्यात येतं, हे दुसऱ्याच कुठल्या गटाचं चित्र असेल. मग कळतं की रस्ता तोच आहे.

तो गट ओढत होता स्वतः व्हान डर पूल. हे नीट बघा, कारण निम्मे लोक इथेच चुकतात. तो कुणाच्या मागे लपून आलेला नाही. सगळ्यांना मागे घेऊन, वारा अंगावर झेलत तो आला, आणि ज्या माणसानं इतकी ओढ काढलीये त्यानंच पुन्हा स्प्रिंट सुरू केली. ऑस्ट्रेलियाचा सायमन क्लार्क त्याच्या चाकाला चिकटून होता. म्हणजे सगळ्यात सोयीच्या जागी. तरी रेषेपर्यंत क्लार्कला त्याच्या पुढे जाता आलं नाही. क्लार्क दुसरा, फुगलसांग तिसरा, अलाफिलिप चौथा.

रेषेपलीकडे व्हान डर पूल रस्त्यावरच आडवा पडला, दोन्ही हात डोक्याला. २६६ किलोमीटरचा थकवा होताच, पण त्या चेहऱ्यावर थकव्याहून जास्त अविश्वास होता. समोरची गर्दी ज्या भावनेनं ओरडत होती, तीच भावना जमिनीवर पडलेल्या विजेत्याच्या तोंडावर. प्रेक्षक आणि खेळाडू एकाच वेळी, एकाच गोष्टीनं इतके चकित झालेले मी फार कमी वेळा पाहिलेत. समालोचनाची भाषा कळो न कळो, तो आवाज कुठे चढतो आणि कुठे फाटतो ते ऐका. पुन्हा ऐकताना आजही माझ्या अंगावर काटा येतो.

आणि मग वाद. विजयाच्या आनंदाला लागूनच एक मोठा राग होता: दोघांनी हातातली शर्यत घालवली, एकमेकांना हरवायच्या नादात दोघेही बुडाले, असं पळणं म्हणजे सायकलिंगचा अपमान. मी स्वतः तेव्हा याच गटात होतो. अलाफिलिप मला मनापासून आवडतो, आणि त्या संध्याकाळी मला त्याचा भयंकर राग आला होता.

मत बदललं ते तीच शेवटची दहा मिनिटं पुन्हा पुन्हा बघून. आधी मी फक्त पुढच्या दोघांकडे बघायचो. एकदा ठरवून फक्त मागच्या गटाकडे लक्ष ठेवलं. पडद्यावर तो गट फार थोडा वेळ दिसतो, पण दिसतो तेव्हा पुढे कोण आहे ते पाहा. तिसऱ्या-चौथ्या नंबरसाठी कुणी अशी ओढ काढत नाही. त्या गटातल्या बाकीच्यांनी मनातून शर्यत केव्हाच सोडली असावी. त्यानं सोडली नव्हती. पुढचे रेंगाळले म्हणून दार उघडलं, हे खरंच. पण उघड्या दारापर्यंत पोचायला कुणीतरी आधीपासून धावत असावं लागतं.

पुढच्या दोघांच्या रेंगाळण्यालाही मी आता पळपुटेपणा म्हणत नाही. दोघांनी शेवटपर्यंत गुण्यागोविंदानं पाळ्या वाटून घेतल्या असत्या, तर अलाफिलिप सहज जिंकला असता आणि फुगलसांगनं मुकाट्यानं हार पत्करली असती. फुगलसांगला ते मान्य नव्हतं. दुसऱ्या नंबरची खात्री सोडून पहिल्याची शक्यता धरणाऱ्या माणसावर मी कुठल्या तोंडानं रागवू? याच स्वभावाच्या माणसांमुळे मी सहा-सहा तास ही शर्यत बघत बसतो.

प्रेक्षकांचं म्हणाल तर एक आठवण यात जोडतो. २०२१ ला महामारीमुळे आम्स्टेल एका बंद वर्तुळावर झाली, प्रेक्षकांना मनाई. शेवट तर असा की वाऊट व्हान आर्ट आणि टॉम पिडकॉक यांच्यात फोटोफिनिश, निर्णय लागेना, शेवटी व्हान आर्ट विजेता. नाट्य २०१९ इतकंच होतं. पण रस्त्याकडेला माणूस नव्हता. तो निकाल मला बातमीसारखा आठवतो, २०१९ चा मात्र आवाजासकट.

आणि २०२४ ची महिलांची शर्यत. लोरेना विबेसनं रेषेआधीच हात वर केले आणि तेवढ्यात मारियान व्होसनं चाक पुढे घातलं. दोघी डच. कडेला उभ्या असलेल्या माणसानं हसावं की रडावं, सांगा. यावर वेगळा व्हिडिओ करणार आहे, म्हणून आज जास्त बोलत नाही.

परत फुगलसांगकडे येतो, कारण २०१९ ची ही गोष्ट त्या रविवारी संपली नाही. तीनच दिवसांनी बेल्जियमची फ्लेश वालोन शर्यत. शेवटच्या चढावर पुन्हा तेच दोघे, अलाफिलिप पहिला, फुगलसांग दुसरा. म्हणजे त्या वसंतात फुगलसांगच्या खात्यात दुसरा, तिसरा, पुन्हा दुसरा. माणूस खचला असता.

२८ एप्रिल, लीज-बास्तोन-लीज, बेल्जियमचीच आणखी एक एकदिवसीय शर्यत. थंडी, ओले रस्ते. रोश-ओ-फोकाँच्या चढावर फुगलसांगनं अटॅक केला. या वेळी कुणाशी भागीदारी नाही, हिशेब नाही, इटलीच्या डावीदे फोर्मोलोलाही मागे टाकून एकटा. शेवटाजवळच्या उतारावर त्याचं मागचं चाक ओल्या डांबरावर सटकलं. सायकल आडवी जायला लागली, माझा श्वास अडकला, आणि त्यानं ती सावरली. कशी ते मला अजून उमगलेलं नाही. तो तुकडा मी मंद गतीत कितीदा तरी पाहिलाय.

मागे वळून बघायला त्या दिवशी कुणी नव्हतं. तो एकटाच लीजमध्ये शिरला.