ग्रीस फियॉर्डला जाण्याआधी

नमस्कार. कॅनडाचा नकाशा डोळ्यांसमोर आणा आणि वर सरकत जा. हडसनचा उपसागर मागे टाका, बॅफिन बेट मागे टाका. ग्रीनलंड जिथे कॅनडाला जवळजवळ भिडतं तिथे एल्समियर नावाचं बेट आहे. महाराष्ट्राच्या जवळजवळ दोन तृतीयांश आकाराचं. त्याच्या दक्षिण किनाऱ्यावर, ७६ अंश उत्तर अक्षांशावर, एकच गाव आहे, ग्रीस फियॉर्ड. तिथली माणसं इनुइट, म्हणजे आर्क्टिकच्या मूळ रहिवाशांपैकी; ती त्याला आऊसुइत्तुक म्हणतात. २०२१ च्या जनगणनेत तिथे १४४ माणसं होती. कॅनडात याच्या उत्तरेला नागरी वस्ती नाही. आहेत ती फक्त लष्कराची आणि हवामान खात्याची ठाणी.

इथे बसलेल्यांपैकी काही जण त्या भागातल्या बोटींच्या चौकश्या करताहेत, म्हणून प्रवासाचं आधी सांगून टाकतो. रेझोल्यूट या दुसऱ्या बेटावरच्या वस्तीहून छोटं ट्विन ऑटर विमान जातं, तेही हवा चांगली असेल तर. धावपट्टी डोंगराच्या पायथ्याशी आहे आणि ढग उतरले की विमान परत फिरतं. सामानाचं मोठं जहाज वर्षातून एकदा, उन्हाळ्यात येतं. दुकानातलं बाकी सगळं विमानानं येतं आणि त्याची किंमत पाहून छाती दडपते. हिवाळ्यात सुमारे तीन महिने सूर्य उगवत नाही. थंडीच्या कपड्यांची यादी तुमची सहल कंपनी देईलच.

मला बोलायचं आहे ते यादीत नसलेल्या गोष्टीबद्दल. तिथे जाणारा प्रत्येक जण डोंगर, हिमनग आणि अस्वलं पाहून थक्क होतो आणि म्हणतो, माणूस किती चिवट आहे, बघा कुठे जाऊन राहिला! ही माणसं तिथे स्वतःहून गेलेली नाहीत. त्यांना नेऊन ठेवलं गेलं. ज्यानं हे केलं ते एक लोकशाही सरकार होतं, आणि काळ आपल्या आजोबांच्या तरुणपणाचा होता.

१९५३ चा उन्हाळा. हडसनच्या उपसागराच्या पूर्व किनाऱ्यावर, क्वेबेकच्या उत्तर भागात इनुकजुआक नावाची वस्ती आहे. तिथल्या इनुइटांचं जगणं कोल्ह्याच्या कातड्याच्या व्यापाराशी बांधलेलं होतं. भाव कोसळले आणि सरकारी मदतीवर जगणारी कुटुंबं वाढली. अधिकाऱ्यांनी ठरवलं की यांना उत्तरेला हलवावं. तिथे शिकार भरपूर आहे, म्हणजे ही माणसं पुन्हा स्वतःच्या पायावर उभी राहतील. पोलीस तंबूतंबूंत जाऊन सांगू लागले. नाही आवडलं तर दोन वर्षांनी परत आणू, असं वचन दिलं. पोलिसानं विचारल्यावर ‘नाही’ म्हणता येतं, ही कल्पनाच तेव्हा त्या लोकांना नव्हती. नंतर चौकशीत त्यांनी ही गोष्ट पुन्हापुन्हा सांगितली, आणि मला या सगळ्या प्रकरणाचं मर्म तिथेच दिसतं. होकार मिळाला असं कागदावर लिहिलं गेलं, पण नकार द्यायची सोयच नव्हती.

इनुकजुआकची सात कुटुंबं ‘सी. डी. हाऊ’ जहाजावर चढली. वाटेत बॅफिन बेटाच्या उत्तरेकडच्या पॉन्ड इनलेटहून आणखी तीन कुटुंबं घेतली. उत्तरेकडच्या अंधाराची आणि बर्फाची सवय असलेली ही माणसं नव्या लोकांना शिकवतील, असा हिशेब होता. सगळे एकत्र राहतील अशी समजूत होती. एल्समियरच्या किनाऱ्याशी पोचल्यावर जहाजावरच कळलं की काही कुटुंबं इथे उतरतील, काही रेझोल्यूटला जातील. भावंडांची, नातलगांची ताटातूट झाली. जॉन अमागोआलिक तेव्हा लहान मूल होते. पुढे इनुइटांच्या नुनावुत या वेगळ्या प्रदेशासाठीच्या लढ्याचे ते एक मुख्य नेते झाले. डेकवर बायका रडू लागल्या आणि त्यांचं ऐकून कुत्रीही विव्हळू लागली, ही आठवण त्यांनी जाहीरपणे सांगितली आहे.

घरापासून सुमारे दोन हजार किलोमीटर. इनुकजुआकला हिवाळ्यातही सूर्य दिसतो. तिथे बोरांसारखी रानफळं होती, पक्षी होते, गोड्या पाण्यातले मासे होते. इथे खडक, गोटे आणि बर्फ. पहिला हिवाळा तंबूंत गेला, कारण इग्लू बांधायलाही विशिष्ट घट्टपणाचा बर्फ लागतो आणि तो पडायला वेळ लागला. कस्तुरी-बैल डोळ्यांसमोर चरत होते, पण त्यांना मारायला कायद्यानं बंदी होती आणि पकडलं जाण्याची धमकी होती. कॅरिबूवरही मर्यादा घातलेली. ज्या शिकारीच्या भरवशावर आणलं, तिच्यावरच कुलूप! दोन वर्षं झाली, लोकांनी परत न्या म्हटलं, आणि त्यांना सांगण्यात आलं की बाकीच्या नातलगांना इकडे बोलवा. १९५५ मध्ये आणखी कुटुंबं आली.

त्यांत जोसेफी फ्लॅहर्टी होते. ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ हा १९२२ चा मूकपट तुमच्यापैकी काहींनी फिल्म सोसायटीत पाहिला असेल. तो इनुकजुआकच्या परिसरातच चित्रित झाला. त्याचे दिग्दर्शक रॉबर्ट फ्लॅहर्टी यांचे जोसेफी हे इनुइट आईपासून झालेले पुत्र. वडिलांनी त्यांना कधी पाहिलं नाही. ज्या लोकांच्या हसऱ्या चेहऱ्यांवर साऱ्या जगानं प्रेम केलं, त्याच लोकांना तीस-बत्तीस वर्षांनी असं उचलून नेलं गेलं, आणि त्यांत त्या दिग्दर्शकाचा मुलगा होता, लहानगी नात मार्था होती. हे वाचलं तेव्हा मला पुस्तक मिटून ठेवावं लागलं होतं.

हे सगळं भुकेपोटी झालं की सार्वभौमत्वासाठी, यावर वाद झाला. शीतयुद्धाचा काळ होता. त्या बेटांवरच्या हवामान केंद्रांत अमेरिकन माणसं काम करत होती. ग्रीनलंडचे शिकारी एल्समियरवर येत होते. आपली म्हणता येतील अशी माणसं तिथे राहिली तर कॅनडाचा हक्क पक्का होईल, हा विचार सरकारी वर्तुळांत होता. म्हणूनच आज तिथले लोक म्हणतात, आम्हाला झेंड्याच्या काठ्या म्हणून रोवलं. माझं मत सांगतो. भूक दूर करायची असती तर धान्य आणि काडतुसं इनुकजुआकलाच पाठवता आली असती.

न्याय मिळायला किती काळ लागला पाहा. १९९० च्या एका सरकारी अहवालानं सरकारला दोषमुक्त ठरवलं. १९९४ मध्ये आदिवासी प्रश्नांवरच्या शाही आयोगानं साक्षी ऐकून उलट निष्कर्ष काढला आणि माफी व भरपाईची शिफारस केली. १९९६ मध्ये एक कोटी डॉलरचा निधी आला, माफी नाही. माफी आली १८ ऑगस्ट २०१० रोजी. तोवर जहाजावर चढलेल्या प्रौढांपैकी बहुतेक जण हयात नव्हते.

त्याच वर्षी दोन पुतळे उभे राहिले. ग्रीस फियॉर्डच्या किनाऱ्यावर बाई, मुलगा आणि कुत्रा, लूटी पिजामिनी यांनी घडवलेले. रेझोल्यूटला एकटा पुरुष, सिमिओनी अमागोआलिक यांनी कोरलेला, आणि सिमिओनी स्वतः १९५३ च्या जहाजावर होते. बाईची नजर रेझोल्यूटकडे आहे, पुरुषाची ग्रीस फियॉर्डकडे.

आता आजचं गाव. घरात शिरताना बूट काढायचे, हे आपल्याला सांगावं लागत नाही. नळाला पाणी येतं ते टँकरनं भरलेल्या टाकीतून, आणि ते पाणी उन्हाळ्यात वितळलेल्या हिमनदीचं असतं, वर्षभरासाठी साठवलेलं. खाणं सील, नारव्हाल नावाचा देवमासा, कस्तुरी-बैल, ‘आर्क्टिक चार’ नावाचा मासा. आपल्यातल्या शाकाहारी मंडळींना कळकळीनं सांगतो, किनाऱ्यावर सील कापत असतील तर तोंड वेडंवाकडं करू नका. १९८३ मध्ये युरोपनं सीलच्या पिल्लांच्या कातड्यांवर बंदी घातली. रोख अटलांटिक किनाऱ्यावरच्या व्यापारी कत्तलीवर होता, पण बाजार कोसळला तो इनुइट शिकाऱ्यांचाही, आणि इनुइट तर मांसासाठी सील मारतात. लांबच्या दयाळू माणसांच्या निर्णयानं त्यांच्या घरातला पैसा गेला. फोटो काढण्याआधी विचारा. कोरीवकाम घ्यायचं तर कारागिराकडून थेट घ्या. बोटीवरून कधीकधी गावाच्या लोकसंख्येहून जास्त पाहुणे एकदम उतरतात, याचं भान ठेवा.

आणि एक प्रश्न मला नेहमी विचारला जातो, आजही येईल. इतकं सोसलं तर ते परत का जात नाहीत? काही गेले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस सरकारनं परतीचा खर्च दिला तेव्हा काही वडीलधारी माणसं इनुकजुआकला परतली, आणि कुटुंबांची दुसऱ्यांदा ताटातूट झाली, कारण मुलं-नातवंडं उत्तरेत जन्मली होती. त्यांच्या शिकारीच्या वाटा तिथल्या. गावासमोरच्या जोन्स साउंड या समुद्राच्या पट्ट्याचा बर्फ कोणत्या महिन्यात पाय पेलतो, नारव्हाल कधी कुठे येतात, हे या माणसांनी दोन पिढ्यांत स्वतः शिकून घेतलं. शेकडो वर्षांपूर्वीच्या थुले लोकांच्या, म्हणजे इनुइटांच्या पूर्वजांच्या, घरांचे अवशेष तिथे आहेत, पण त्यांच्याकडून इनुकजुआकच्या कुटुंबांना शिकवायला कुणी उरलं नव्हतं.

याच कुटुंबांतले लॅरी ऑडलालुक तान्हेपण सरता सरता तिथे आले. वडील वर्षभराच्या आतच वारले. माफीसाठी त्यांनी आयुष्यभर आवाज उठवला आणि आयुष्य त्याच गावात काढलं. ऑर्डर ऑफ कॅनडाचा सन्मान मिळाला तरी पत्ता बदलला नाही. अन्यायाची तक्रार आणि गावाची माया, दोन्ही एकाच माणसात आहेत. त्यांतलं एकच घेऊन परत येऊ नका. तुमची बोट तिथे थांबली तर गावातलं कुणीतरी वाट दाखवायला येईल. त्यांना अस्वलांबद्दल जरूर विचारा, आणि १९५३ बद्दल बोलावंसं वाटलं त्यांना, तर बोटीची वेळ झाली म्हणून उठू नका.