पहिलं व्हायोलिन: लेबल सोडा, आतली काडी बघा

व्हायोलिनच्या पोटावर इंग्रजी एफसारखी दोन भोकं असतात ना, त्यातल्या डावीकडच्या भोकातून मोबाइलचा टॉर्च मारून आत बघा. कागदाचं लेबल दिसेल आणि बऱ्याचदा त्यावर चक्क स्ट्राडिव्हारी, क्रेमोना, सतराशे अमुक साल असं छापलेलं असेल. हुरळून जाऊ नका. इटलीतल्या क्रेमोनाचा हा नामांकित व्हायोलिन कारागीर १७३७ मध्ये गेला, त्याची जगभरात साडेसहाशेच्या आसपास वाद्यं उरलीयत आणि ती कुठे आहेत हे बहुतेक सगळं नोंदलेलं आहे. पुढे जर्मनीत सॅक्सनीमध्ये घाऊक व्हायोलिनं बनायला लागली ती त्याच्या नावाची लेबलं डकवूनच, त्याच्या घाटाचं वाद्य एवढाच अर्थ. आजोबांच्या माळ्यावरच्या पेटीतही तेच निघतं.

आता उजव्या भोकातून बघा. ब्रिजच्या, म्हणजे तारा उचलून धरणाऱ्या लाकडी घोडीच्या, पायाच्या किंचित मागे एक बारीक काडी उभी दिसेल. हा साउंडपोस्ट. डिंक नाही, खिळा नाही, वरच्या आणि खालच्या फळीच्या मध्ये नुसत्या दाबावर उभा असतो आणि वरच्या फळीची थरथर खालच्या फळीपर्यंत नेतो. तो जरा सरकला तरी आवाज बदलतो. पडलेला असेल तर तारा लगेच ढिल्या करा, नाहीतर त्यांच्या ताणाने वरची फळी तडकू शकते.

आमचं म्हणणं एवढंच आहे की नवशिक्याचे पैसे लाकडापेक्षा या सेटअपवर, म्हणजे वाद्य वाजवण्याजोगं जुळवून घेण्यावर, जायला हवेत. तेच व्हायोलिन, तीच फॅक्टरी, पण एकाने ब्रिज नीट तासून, तारा पिळायच्या खुंट्या घासून, पोस्ट बसवून दिलंय आणि दुसऱ्याने खोक्यातून काढून तसंच हातात दिलंय, तर दोन्ही वेगळीच वाद्यं वाटतात. फिंगरबोर्डच्या, म्हणजे बोटांनी तारा दाबतो त्या पट्टीच्या, ब्रिजकडच्या टोकाशी बारीक तार साधारण साडेतीन मिलिमीटर आणि जाड तार साडेपाच मिलिमीटर वर असावी, त्याहून फार वर असेल तर बोटं दुखतात आणि पोरगं म्हणतं मला जमत नाही, अहो त्याला नाही, ब्रिजला जमत नाहीये! ब्रिजची कमान सपाट असेल तर गज (वाजवायची केसांची काठी) एका तारेवर ठरतच नाही.

फिंगरबोर्ड एबनीचा, म्हणजे काळ्या टणक लाकडाचा हवा. स्वस्तातला मऊ लाकडाला काळा रंग फासलेला असतो, बोटांखाली तो निघायला लागतो. वरची फळी स्प्रूसची, मागची मेपलची, हे विचारून घ्या. माल बहुतेक चीनमधून येतो, आपल्याकडे उत्तर प्रदेशातल्या रामपूरलाही व्हायोलिनं बनतात. पण कुठलं आहे यापेक्षा सेटअप कोण करून देणार हे आधी विचारा.

साइझ. पूर्ण साइझच्या व्हायोलिनची बॉडी १४ इंच असते, मुलांसाठी पाऊण, अर्धं, पाव असे साइझ मिळतात. "वाढत्या अंगाचं" घेऊ नका, हे शाळेचा युनिफॉर्म नाही. मोठ्या वाद्यावर छोटा हात ताणला जातो आणि सुरांच्या जागा चुकीच्या बसतात.

काय शिकणार तेही दुकानात सांगा. पाश्चात्त्य पद्धतीत हनुवटीखाली धरतात, त्यामुळे चिनरेस्ट (हनुवटीचा आधार) आणि शोल्डररेस्ट (खांद्याचा आधार) मानेला सोयीचे हवेत. गजाननराव जोशी, डी. के. दातार या व्हायोलिनवादकांच्या वाटेने गायकी अंगाचं, म्हणजे गाण्यासारखं वाजवायला शिकायचं असेल तर मांडी घालून बसायचं आणि व्हायोलिनचं टोक पायावर टेकायचं, मग शोल्डररेस्टचा फारसा प्रश्न नाही, पण सा-प जुळवायला चारही तारांना फाइन ट्यूनर (सूर बारीक जुळवायचे छोटे स्क्रू) हवेत. गुरुजींना सोबत नेलं तर उत्तमच, त्यांनी दोन मिनिटं वाजवलं की कळतं.

पावसाळ्यात खुंट्या फुगून अडकतात, कोरड्या हवेत सटकतात, तेव्हा वॉरंटीवरून भांडू नका, खुंट्यांची पेस्ट लावा. रोज वाजवून झालं की गज सैल करून ठेवा. आणि नव्याकोऱ्या गजाने आवाजच आला नाही तर दुकानात फोन करू नका, गजाच्या केसांना अजून राळ लागलेली नाहीये, बरीच घासावी लागते.