उन्हाळ्यात टायरची हवा सोडू नका, भाऊ!

नमस्कार मंडळी! एप्रिल लागला, पारा चाळीसच्या वर सरकला, की आपल्या चॅनलवर एकच कमेंट सुरू होते. "भाऊ, उनाळ्यात टायरमंदी हवा कमीच ठेवा लागते ना?" नाही. नाही ठेवा लागत. मागच्या व्हिडिओतही हेच बोललो होतो, तर खाली पहिलीच कमेंट काय? "आमचा पंक्चरवाला तर कमीच ठेवतो." समृद्धी महामार्ग झाल्यापासून तर हा प्रश्न आणखी वाढलाय. म्हणून आज फक्त टायर.

बेसिक पटकन उरकतो. हवा तापली की पसरते, हलकी होते, वर जाते. भर दुपारी वावरात वावटळ उठते ती त्यामुळेच. जाक शार्ल नावाच्या फ्रेंच माणसानं १७८७ च्या सुमारास हे तपासलं, गे-लुसॅकनं १८०२ मध्ये छापलं, शाळेत आपण पाठ केलं, झालं. टायरात मात्र हवेला पसरायला जागा नाही. कण जास्त जोरात पळतात, आतून जास्त जोरात धडकतात, दाब वाढतो.

आता किती वाढतो? इथंच सगळे घसरतात. एका भावानं लिहिलं, "२० चे ४० अंश झाले म्हणजे दाब डबल." अरे बाप्पा! सेल्सिअसचा शून्य म्हणजे पाणी गोठते तो शून्य. हवेचा हिशोब उणे २७३ पासून मोजायचा. म्हणजे २९३ चे झाले ३१३. वाढ सात टक्के, बस.

आणि दुसरी गोष्ट. गेजवर, म्हणजे दाब मोजायच्या मीटरवर, समजा ३५ पीएसआय (दाबाचं माप) दिसतात, ते बाहेरच्या हवेच्या दाबाच्या वरचे. बाहेरची हवा स्वतःच १५ पीएसआयच्या जवळपास दाबते. म्हणजे आतला खरा दाब ५०. सकाळी २७ अंशाला ३५ भरले, दुपारी गाडी पळून आतली हवा ५७ अंशांवर गेली, तर दाब दहा टक्के वाढला. ५० चे ५५. गेजवर दिसतील ४०. हे ४० बिघाडाचे नाहीत. टायर बनवणाऱ्याला हे माहीत असतं, ते धरूनच ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर ३५ लिहिलेले असतात. थंड टायरचे ३५!

आमचे मामा. आर्वीहून लग्नाला निघालो, मे महिना, काळी-पिवळी गच्च, टपावर आंदणाची भांडी. पुलगावजवळ मामांनी गाडी थांबवली, हवेच्या दुकानात गेज लावलं तर ४०. "सोड रे पाच." मी म्हटलं, मामा, गरम टायर आहे, सोडू नका. "तुले काय समजते? फुटलं म्हणजे?" फुस्स करून पाच सोडले. दुसऱ्या दिवशी पहाटे, मांडवात सगळे झोपलेले असताना, मी माझं गेज लावलं. ३०. मामा म्हणे, रात्री हवा निघाली असंल. अहो, निघाली नाही, तुम्ही सोडली! गरम असताना ३५ केले की थंड झाल्यावर तीस-साडेतीसच उरणार. मामांना अजून पटलं नाही, पण ते हा व्हिडिओ बघत नाहीत, त्यामुळे चालतंय.

मग कमी हवेनं होतं काय? टायर रस्त्याला टेकतो तिथं त्याची बाजू दबते, वर गेली की सरळ होते. प्रत्येक फेऱ्यात हेच. तार वाकडी-सरळ करून तोडता तेव्हा कशी चटका देते, तसंच. हवा जितकी कमी, तितकी बाजू जास्त वाकणार, तितकं रबर आतून तापणार. त्यात गाडीत माणसं कोंबलेली आणि सिमेंटच्या रस्त्यावर शंभरच्या वरचा वेग. म्हणजे फुटू नये म्हणून जी हवा सोडली, तिच्यामुळेच फुटायची तयारी झाली. टायर किती जुनं आहे तेही बघा की. बाजूला चार आकडे असतात, २३१७ म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा. ते कोणी बघत नाही, हवा सोडायला मात्र सगळे पुढे.

"नायट्रोजन भरला तर वाढत नाही ना?" वाढतो. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच आहे. तो कोरडा असतो, थोडा हळू झिरपतो, एवढं खरं. पण तापल्यावर जवळपास तितकाच वाढतो. फुकटात मिळत असेल तर भरा.

एक ताई दर व्हिडिओखाली विचारतात, कूलर पावसाळ्यात काऊन थंडा करत नाही? ताई, कूलर पाणी उडवून थंड करतो. मे महिन्यातली आपली हवा तापलेली आणि कोरडी, ती पाणी पटापट पिते. जुलैत तिचं पोट आधीच भरलेलं असतं. वेगळा व्हिडिओ करीन, नक्की.

आता शेवटची कमेंट, आणि ही खरंच कामाची. "भाऊ, आमच्या गावात हवाच मिळत नाही. पंप आठ किलोमीटरवर. जाईस्तोवर टायर गरम. मग थंड टायर कुठून आणू?" बरोबर बोलला गडी. तर असं करा. साधं गेज घरी ठेवा. सकाळी ऊन पडायच्या आधी, गाडी रात्रभर उभी असताना मोजा. समजा ३१ निघाले, पाहिजेत ३५, कमी पडले चार. पंपावर पोचल्यावर परत आपल्याच गेजनं मोजा, ३४ दाखवेल, काही दाखवेल, दाखवू द्या. त्यात चार वाढवा. ३८ झाले? होऊ द्या. पंपवाला पोरगा म्हणेल, "दादा, जास्त झाली, सोडू का?" त्याला नाही म्हणा, आणि व्हॉल्व्हची टोपी तेवढी परत लावून घ्या.