आहेरात मिळालेला कॅमेरा

नमस्कार मंडळी. आज फुटबॉलबद्दल बोलायचंय, पण आपला कोल्हापूरवाला फुटबॉल नाही हां, अमेरिकेतला, तो लांबुळका चेंडू काखेत धरून पळायचं आणि समोरच्यांनी अंगावर पडून आडवं करायचं, तो. नियमात मी शिरत नाही. मला सांगायचीय एका जुन्या फिल्मची गोष्ट. तारीख ३० डिसेंबर १९६२, न्यूयॉर्कचं यांकी स्टेडियम, एनएफएलची, म्हणजे तिथल्या व्यावसायिक फुटबॉल लीगची फायनल, ग्रीन बे पॅकर्स विरुद्ध न्यूयॉर्क जायंट्स. १९६२, लक्षात ठेवा.

आता माणूस ऐका. एड साबोल. सासऱ्यांच्या ओव्हरकोटच्या धंद्यात होता, पण मन काही रमत नव्हतं. लग्नात याला आहेर आला होता एक कॅमेरा, सोळा एमएमचा, चावी देऊन चालणारा. बघा, आहेर असावा तर असा! हल्ली पत्रिकेतच छापतात की आहेर आणू नये, नाहीतर मग पाकिटात पाचशे एक घालून मोकळे, मला ते अजिबात पटत नाही, पाकीट कुणाच्या लक्षात राहत नाही हो, वस्तू घरात राहते, तिला हात लागतो. असो. तर मुलगा स्टीव शाळेत फुटबॉल खेळायला लागला आणि बाप प्रत्येक मॅच त्याच कॅमेऱ्याने शूट करायला लागला. आपण नाही का गॅदरिंगला मुलांचे व्हिडिओ काढत, तसंच, फक्त हा माणूस तिथे थांबला नाही. कोटांचा धंदा सोडला, मुलीच्या नावाने ब्लेअर मोशन पिक्चर्स काढली, आणि थेट १९६२ च्या फायनलच्या शूटिंगसाठी बोली लावली. ३,००० डॉलर, आदल्या वर्षीच्या दुप्पट! लीगचे कमिशनर पीट रोझेल बिचकलेच, कारण याचा अनुभव काय, तर पोराच्या शाळेच्या मॅचेस. पण साबोलनी त्यांना पटवलं.

मग कॉलेजातल्या स्टीवला फोन. म्हणाले, तुझे मार्क बघून कळतंय की तू तिथे फक्त फुटबॉल खेळतोस आणि सिनेमे बघतोस, म्हणजे या कामाला तुझ्यासारखा माणूस शोधून सापडायचा नाही. मला हा बाप फार आवडतो. मार्कांवरून पोरावर ओरडण्यापेक्षा त्याच्यातलं काय कामाचं आहे ते याने बरोबर हेरलं.

आणि मॅचच्या दिवशी थंडी कसली, तर शून्याच्या खाली दहा डिग्री, वर ताशी साठ किलोमीटरच्या आसपास वारा, मैदान गोठून फरशीसारखं टणक. कॅमेरे अडकायला लागले, फिल्म थंडीने कडक होऊन पापडासारखी तुटायला लागली. मग यांनी काय करावं, खेळाडू बसतात त्या खोलगट डगआउटमध्ये शेकोटी पेटवली आणि कॅमेरे शेकले! शेकायचे, बाहेर पळायचं, शूट करायचं, परत शेकायचे. फायनल चाललीय, चौसष्ट हजारांवर माणूस बसलाय, आणि हे कॅमेरे शेकताहेत.

मॅच पॅकर्सने १६-७ जिंकली. जेरी क्रेमरने त्या वाऱ्यात तीन फील्ड गोल मारले, म्हणजे लाथेने चेंडू दोन खांबांच्या मधून धाडला, जिम टेलर ३१ वेळा चेंडू घेऊन घुसला, जीभ चावली गेली, कोपर फाटलं, टाके घालून परत मैदानात. आणि खुद्द न्यूयॉर्कमध्ये घरच्या टीव्हीवर ही मॅच दाखवायलाच बंदी होती, म्हणजे ज्यांच्या गावात फायनल त्यांनाच दिसली नाही, तेव्हा या फिल्मची किंमत कळेल. रोझेलनी फिल्म पाहिली आणि म्हणाले, फुटबॉलवर इतकी चांगली फिल्म मी आजवर पाहिली नाही. पुढे लीगने ती कंपनीच आपल्याकडे घेतली, तीच एनएफएल फिल्म्स. आहेरातल्या कॅमेऱ्यापासून इथपर्यंत. २०११ साली एड साबोल हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या थोर माणसांच्या मानाच्या यादीत गेले.

आणि एक सांगते. १९६७ चा पहिला सुपर बोल, म्हणजे दोन लीगच्या विजेत्यांतली मोठी फायनल, दोन-दोन चॅनेलनी लाइव्ह दाखवला आणि दोघांनीही टेप जपल्या नाहीत, टेप महाग, त्याच पुसून परत वापरायच्या अशी तेव्हाची पद्धत. एनएफएल फिल्म्सच्या माणसांनी मात्र तो फिल्मवर घेतला होता, म्हणून २०१६ मध्ये तुकडा तुकडा जोडून पूर्ण खेळ परत दाखवता आला.

आमच्याकडे आजीच्या ओव्यांची कॅसेट होती. कुणीतरी तिच्यावर क्रिकेटची कॉमेंट्री टेप केली. आता लावली की सुरुवातीला आजीची दीड ओवी येते, जात्याची घरघर येते, आणि मग एकदम स्टेडियमचा गलका.

वेळ झाली, नमस्कार.